विधाते बाईंची चूळ

विधाते बाईंनी मला पहिल्यांदा ओळखलं ते नाकाने. मी शाळेत रुजू व्हायला गेले होते. हेडसर म्हणाले, "या आपल्या नवीन बाई," आणि कोपऱ्यात वह्या तपासत बसलेल्या एक ठेंगण्या, सावळ्या बाई उठून माझ्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. मी नमस्काराला हात जोडले. त्यांनी जोडले नाहीत.

"हा कर," त्या म्हणाल्या.

"काय करू?"

"हा. तोंड उघड आणि हा कर."

नोकरी नवी, गाव आपलं असलं तरी शाळा परकी. मी केलं. बाईंनी डोळे मिटले, मान किंचित तिरपी केली आणि माझ्या तोंडासमोर तीन-चार सेकंद तशाच उभ्या राहिल्या.

"चहा. खारी. वरून बडीशेप," डोळे उघडून त्या म्हणाल्या. "बडीशेप कशाला? घाबरलीस होय? जा, पास."

हेडसर तोवर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. शाळेत काही अवघड घडलं की ते कॅलेंडर वाचत. पुढे मीही ती विद्या त्यांच्याकडून शिकले, आणि त्यांच्यापेक्षा पुढे गेले.

शाळा मखमलाबादच्या रस्त्यावर होती. मी गंगापूर रोडवरून यायचे, म्हणजे अंतर फार नव्हतं, पण माझा तोरा असा होता की मी जणू विलायतेहून येते. शाळेत पोरं यायची ती फुलांच्या आणि भाजीच्या मळ्यांतली, आणि द्राक्षबागांत कामाला आलेल्या पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांची. विधाते बाई मात्र तिथल्याच. माहेर मळ्यातलं, सासर शेजारच्या मळ्यातलं. लहानपणी वडील त्यांना डोळे मिटायला लावून गुलछडीची जुडी नाकाशी धरत आणि विचारत, "कालची का आजची?" चुकलं की टपली. शिळ्या फुलांवर पाणी मारलं की ती ताजी दिसतात, म्हणून वडिलांचा नियम होता, डोळे फसतात, नाक फसत नाही. हा नियम फुलांपुरता अगदी खरा आहे. बाईंनी तो उचलला आणि माणसांच्या तोंडाला लावला. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

शाळेत प्रार्थना, मग प्रतिज्ञा, आणि मग हा. पहिली ते चौथीची पोरं ओळीने तोंडं वासून उभी, आणि बाई डोळे मिटून एकेकासमोर वाकत चाललेल्या. चालता चालता निकाल जाहीर. "मेथी. पास." "कालचा रस्सा. पास, पण आईला सांग तिखट कमी." "काहीच नाही. उपाशी आलास? आत जाऊन बिस्कीट घे." आणि मग एखाद्यासमोर थांबून, डोळे उघडून, "मशेरी! कोणाची?"

मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेला तंबाखू. आमच्याकडच्या आज्या त्याने दात घासायच्या आणि नातवंडांच्या हिरड्यांनाही लाडाने एक बोट लावायच्या. अशी एक आजी बाईंनी शाळेत बोलावली. म्हातारी ऐटीत आली. "अवं बाई, मशेरीनंच माझं बत्तीसच्या बत्तीस जाग्यावर हायेत," ती म्हणाली.

"हा करा," बाई म्हणाल्या.

म्हातारीने पदर तोंडाला लावला तो गेटबाहेर जाईपर्यंत काढला नाही. त्या दिवसापासून तिचा नातू राखुंडीने दात घासून यायला लागला. आता राखुंडी म्हणजे काही फार मोठी प्रगती नव्हे, पण बाईंनी ती फळ्यावर 'आजचा सुविचार' लिहितात त्या जागी लिहिली.

बाईंचं दुसरं वेड म्हणजे सूचना. परीक्षेत पोरांनी प्रश्न सोडवण्याआधी वरची सूचना दोनदा वाचायची, एकदा मनात आणि एकदा ओठ हलवून. "अर्धे मार्क सूचनेत असतात," हे त्या इतक्यांदा म्हणायच्या की पोरं घरी भात वाढताना आयांना ऐकवायची, सूचना नीट वाच. मला त्या 'नवीन' म्हणत. माझ्यानंतर चार शिक्षक आले, दोन बदलून गेले, मला एक मूल झालं, चष्मा लागला, तरी मी नवीनच.

शिक्षकांच्या खोलीत आम्ही त्यांची भरपूर टवाळी करायचो. त्यांच्या पाठीमागे एकमेकांना हा करायचो आणि "कालचं पिठलं, नापास" म्हणून खिदळायचो. त्यांच्या कानावर जायचं. "हसतील त्यांचे दात दिसतील," एवढंच म्हणून त्या वह्या ओढायच्या.

सविताचं झालं ते माझ्या दुसऱ्या वर्षी. पोरगी दुसरीत, म्हणजे माझ्याच वर्गात. पेठकडची. आईबाप दिंडोरी रस्त्याच्या एका द्राक्षबागेत कामाला, तिथेच कुडाची झोपडी. गप्प पोरगी, अक्षर मात्र मोत्यासारखं. एके सकाळी बाई तिच्यासमोर वाकल्या आणि झटकन मागे सरल्या. "छे छे छे. घरी जा. घासून ये."

सगळी ओळ हसली. ती दोन किलोमीटर चालत घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा तिने काय विटकरीने घासलं होतं की कोळशाने, देव जाणे, पण हिरड्या फुटल्या होत्या आणि ओठांच्या कडेला रक्त सुकलं होतं. बाईंनी डोळे मिटलेले. "रक्ताचा वास येतोय. नीट घासत नाही तू. जा, उद्या नीट घासून ये."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला दिसत होतं की पोरीला मारकुट्या बैलासारखं परत हाकलण्यात काही अर्थ नाही, तिचं काहीतरी दुखतंय. पोरगी माझ्या वर्गातली. एक शब्द पुरे होता. पण विधाते बाई सीनियर, आणि मी नवीन, आणि प्रार्थनेच्या पटांगणात कॅलेंडर नव्हतं म्हणून मी झेंड्याच्या काठीकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी सविता आली नाही. चौथ्या दिवशीही नाही.

आठवड्याने बाई ओळीत थबकल्या. "ती पेठची कुठाय?" मी म्हटलं, येत नाही. शाळा सुटल्यावर त्यांनी लुना काढली आणि मला म्हणाल्या, "नवीन, बस मागे." त्या लुनावर दोघी बसल्या की चढाला उतरून ढकलावी लागे. तशी ढकलत आम्ही बागेवर पोचलो. झोपडी रिकामी होती. मुकादम पाइपावर बसून विडी ओढत होता.

"छाटणी सपली बाई. गेली मंडळी पेठकडं," तो म्हणाला.

"पोरगी पुन्हा कधी येईल?"

"कामाला येत्याल तव्हा येईल. पर शाळंत नाय जायची म्हणं ती. तोंड घासलं का रगात येतं, नाय घासलं का बाई हाकलती. मंग काय करावं पोरीनं?"

तो काही टोमणा मारत नव्हता. खरंच विचारत होता. बाईंनी लुना वळवली. येताना चढ नसतानाही त्या लुनावरून उतरल्या आणि बरंच अंतर ती हातात धरून चालत राहिल्या. मी मागे. शाळेच्या वळणावर आल्यावर म्हणाल्या, "आता तोंडापायी कोणी परत जाणार नाही. काय वाट्टेल ते होऊ दे."

पेठच्या शाळेला त्यांनी एक पत्रही घातलं होतं. पोरीचं गावच नक्की माहीत नव्हतं, तर उत्तर कुठून येणार.

पुढच्या सोमवारी प्रार्थनेच्या जागी एक पिंप आलं. त्यात तुरटीचं पाणी. ज्याच्या तोंडाला वास येईल त्याला घरी न पाठवता तिथेच चूळ भरायला लावायची. पण एकट्यादुकट्याला चूळ दिली तर ओळ हसणार, म्हणून मग सगळ्यांनाच चूळ. वाईट वाटून घेण्यात बाई इतरांसारख्याच होत्या, पण वाईट वाटल्यावर पिंप भरून आणणाऱ्या त्या एकट्याच. मला आणि हेडसरांना वाईट वाटलं की आम्ही चहा घेत असू.

चूळ तोंडात किती वेळ धरायची, तर तेराचा पाढा होईपर्यंत. पाढा बाई म्हणणार, पोरं गाल फुगवून उभी. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. एकशे तीसला पोचल्यावर हात खाली, आणि दीडशे पोरांनी एकदम थुंकायचं. तुरटीने तोंडं अशी आवळली जायची की पहिल्या तासाला कोणाला 'प' म्हणता येत नसे. याचा परिणाम असा झाला की आमच्या शाळेतल्या पोरांना तेराचा पाढा पक्का यायचा, पण तोंडात पाणी असेल तरच. चौथीच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या शिक्षकांसमोर एका पोराने पाढा अडल्यावर पाण्याचा ग्लास मागितला, घोट तोंडात धरला, आणि उत्तर बोटांनी दाखवलं.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग शाळेत खिचडी शिजायला लागली आणि त्याच सुमारास बाईंचा भाचा औषधांच्या कंपनीत लागला. भाचा टाय लावायचा आणि मावशीवर त्याचं प्रेम होतं. हे दोन योग जुळून आले की काय होतं ते आम्ही पाहिलं. जूनमध्ये त्याने खोक्यांनी बाटल्या आणून टाकल्या. आत गुलाबी, पुदिन्याच्या वासाचं, जंतू मारणारं, हिरड्यांचं औषध. झाकणभर घ्यायचं, अर्धा मिनिट खुळखुळवायचं, थुंकायचं. तुरटीचं पिंप निवृत्त झालं. बाई निम्मं औषध निम्मं पाणी करून पेल्यांत ओतायच्या आणि पाढा सुरू.

पहिल्याच आठवड्यात पहिलीतला एक पोरगा पेला पुढे करून उभा राहिला. "बाई, अजून द्या ना."

"थुंकलंस का?"

"नाय. सपलं."

औषध गोड होतं. पहिलीतली निम्मी पोरं ते गिळत होती. कोणा शहाण्या माणसाने पहिलीची चूळ बंद केली असती. बाईंनी शिपायाला पोरांच्या नरड्यांवर पहाऱ्याला बसवलं. कोणाची घाटी हलली की त्याने शिट्टी मारायची. तेराच्या पाढ्यात चार-पाच शिट्ट्या व्हायच्या आणि रस्त्याने जाणाऱ्यांना वाटायचं की शाळेत कबड्डी चालली आहे.

पण नाक खूश होतं. ओळीत बाई डोळे मिटून वाकायच्या आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत पुदिना. "पास, पास, पास." मेथी नाही, रस्सा नाही, मशेरी नाही. ज्या नाकावर शाळा चालत होती त्या नाकाला त्या औषधाने पट्टी बांधली, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग खिचडी बिघडली. खिचडी करायच्या अनुसयाबाई, हात मोठा चवीचा. पोरं ताटली पुढ्यात घेऊन कुरकुरायला लागली, अळणी आहे. अनुसयाबाईंनी मीठ वाढवलं. तरी अळणी. आणखी वाढवलं. पोरांना वाढण्याआधी एका शिक्षकाने खिचडी चाखून सही करायची असा नियम होता, आणि त्या महिन्यात पाळी माझी. मी एक घास घेतला आणि नळाकडे धावले. समुद्र परवडला.

अनुसयाबाई रडकुंडीला आल्या. "लय मीठ टाकते हो बाई. पोरं म्हनत्यात अळणीच हाय. माज्या हाताला काय झालं कळंना."

प्रकरण विधाते बाईंकडे गेलं. त्यांनी ताटलीभर खिचडी शांतपणे खाल्ली, विचार केला आणि म्हणाल्या, "अळणीच आहे. मीठ भेसळीचं दिसतंय." आमच्यात मीठ लागलेले आणि न लागलेले असे दोन तट पडले. न लागलेल्यांत सगळी पोरं आणि एकट्या विधाते बाई. कारण बाई पोरांबरोबर स्वतःही रोज चूळ भरायच्या, आणि ते औषध रोज घेतलं की जिभेची चव मरते. हे आम्हाला पुढे कळलं. त्या वेळी दुकानदार बदलला, मग मिठाची कंपनी बदलली, आणि अनुसयाबाईंच्या नवऱ्यावर त्यांच्या हाताची दृष्ट काढायची वेळ आली.

दिवाळीनंतर मला पोरांचे दात दिसायला लागले.

मला आधी वाटलं, उन्हामुळे रंग तसा दिसतोय. मग वर्गात नीट पाहिलं. दातांच्या फटींत, हिरड्यांच्या कडेने तपकिरी रेघा. आमच्या पोरांच्या घरी सकाळ-संध्याकाळ कोरा चहा, दूध कोण देणार. त्या औषधावर चहा पडला की दातांवर डाग धरतो, हे मला ठाऊक नव्हतं, पण जूनमध्ये पांढरे असलेले दात डिसेंबरमध्ये चहाच्या किटलीच्या रंगाचे झाले आहेत, एवढं कळायला काही ठाऊक असावं लागत नाही. सगळ्यांनाच दिसत होतं. आम्ही शिक्षकांच्या खोलीत त्यावर विनोदही केले. "विधाते बाईंची रंगपंचमी," हा माझा. त्याला बऱ्यापैकी हशा मिळाला होता.

बाईंना दिसलं नाही, कारण बाई वाकल्या की डोळे मिटत. आणि त्यांचे स्वतःचे दात आधीपासूनच असे चहाच्या रंगाचे होते की आरशानेही चुगली केली नसती. त्यांना सांगायला फक्त तोंड उघडायचं होतं. मी उघडलं नाही. मजा चालली होती, खरं कारण एवढंच.

जानेवारीत एका दंत महाविद्यालयाचं तपासणी शिबिर आमच्या शाळेत आलं, आणि ते बघायला शिक्षण विभागाचे साहेब आले. बाईंचा तो सोहळाच. इरकली नेसून आल्या. पोरं पटांगणात ओळीने बसवली. साहेबांसमोर उभं राहून म्हणाल्या, "आमच्या शाळेत मुखशुद्धीचा उपक्रम नऊ वर्षं अखंड चालू आहे." मग पोरांकडे वळून, "बाळांनो, साहेबांना दात दाखवा."

दीडशे पोरांनी दात दाखवले.

साहेबांनी सगळ्या ओळींवरून नजर फिरवली. मग हेडसरांकडे झुकून म्हणाले, "ही मुलं तंबाखू खातात का हो?"

हेडसर कॅलेंडर शोधायला लागले. आणि विधाते बाईंनी, मला वाटतं त्या वर्षात पहिल्यांदाच, पोरांच्या तोंडाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं. एका पोरासमोर गेल्या, त्याची हनुवटी धरून वर केली, पुढच्याकडे गेल्या, त्याच्या पुढच्याकडे. सबंध ओळ पाहिली. मशेरीवरून म्हाताऱ्यांशी भांडलेली बाई, आणि तिच्या पोरांबद्दल कोणीतरी तंबाखूचं विचारलं होतं. मला त्या क्षणी हसू यायला हवं होतं, इतके महिने आम्ही त्याचीच तर वाट बघत होतो. नाही आलं.

तपासायला आलेली दंतवैद्य मुलगी पंचविशीतली होती. तिने बाटली उलटसुलट करून पाहिली. "हे रोज देता? किती दिवस?"

"जूनपासून."

"बाई, हे आठ-पंधरा दिवसांचं औषध आहे. तेही डॉक्टरांनी सांगितलं तर. आणि इतक्या लहान मुलांना, ज्यांना थुंकता येत नाही त्यांना तर द्यायचंच नाही." ती चांगली होती, आवाज चढवत नव्हती. "डाग निघतील, काळजी करू नका. आम्ही साफ करून देऊ. चवही परत येईल. पण चूळ म्हणजे घासणं नव्हे. दातांवरचा थर ब्रशनेच निघतो. हा तिसरीतला बघा, दाढेत पू झालाय. तुम्हाला वास आला असता, पण औषधाने झाकला."

बाई ऐकत होत्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, अगदी हळू. "हिरड्यांतून रक्त येत असलं पोरीच्या, आणि तोंडाला घाण येत असली, तर?"

"तर हलक्या हाताने, मऊ ब्रशने घासायचं. रक्त आलं म्हणून थांबायचं नाही. चार-सहा दिवसांत कमी होतं. नाहीच झालं तर आमच्याकडे पाठवा."

"घरी नाही पाठवायचं."

"घरी कशाला?" ती मुलगी म्हणाली. तिला बिचारीला काय माहीत.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, आणि बाई बाटली घेऊन पुढे आल्या. "नवीन, इकडे ये. यावर बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलंय ते मराठीत वाच. मोठ्याने." मी वाचलं. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जास्त दिवस वापरू नये. गिळू नये. लहान मुलांना देऊ नये. दातांवर डाग पडू शकतात, चव बदलू शकते. सगळं, अगदी सगळं त्यावर लिहिलेलं होतं.

"ऐकलंत?" बाई पोरांना म्हणाल्या. "ही सूचना होती. बाईंनी वाचली नाही. बाई नापास." पोरं हसावं की नाही या विचारात पडली. "हसा," बाई म्हणाल्या, "नापासाला हसतात." मग पोरं हसली, आणि त्या तपकिरी दातांच्या हशात बाई सरळ उभ्या राहिल्या.

शिक्षकांच्या खोलीत त्या माझ्या टेबलाशी आल्या. "तुला इंग्रजी येतं."

"हो."

"बाटली सहा महिने तुझ्या टेबलावर होती."

"हो."

"आणि दात? दात दिसत होते तुला?"

मी कॅलेंडरकडे पाहिलं. बाईंनीही माझ्याबरोबर कॅलेंडरकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. "माझं नाक फसलं," त्या म्हणाल्या. "तुझे डोळे तर चांगले होते ना गं." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. आम्ही वर्षानुवर्षं उंटावरून शेळ्या हाकत आलो होतो, आणि ही बाई चुकीची का होईना, पण रोज दीडशे तोंडांशी खाली वाकत होती. हे मला त्या दिवशी समजलं, आणि समजून मी काय केलं, तर पुढच्या तासाची घंटा झाली म्हणून उठून गेले.

मग ब्रश आले. खिळ्यांच्या फळीवर दीडशे ब्रश, प्रत्येकावर नाव. खिचडीनंतर नळावर घासायचं आणि साध्या पाण्याची चूळ. पाढा तोच. खिचडीत मीठ परत माणसांचं झालं, अनुसयाबाईंच्या हाताची दृष्ट उतरली. बाई अजूनही ओळीत वाकायच्या, पण आता आधी डोळे उघडून, आणि मग मिटून. निवृत्त होईपर्यंत त्यांनी कोणाही पोराला तोंडापायी परत पाठवलं नाही. पेठकडची नवी पोरं आली की नावं विचारायच्या. सविता नावाच्या दोघी येऊन गेल्या, पण त्या दुसऱ्या.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी बाई मळ्यात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण उठायला मनाई. मी महिन्याभराने गेले. कॅलेंडरवाल्यांना एवढा उशीर लागतोच. ओसरीवर गुलछडीच्या जुड्या बांधायचं काम चाललं होतं, वासाने घर भरलं होतं. आतल्या खोलीत बाई पलंगावर उशीला टेकून. मला पाहिल्याबरोबर त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि पदराआडून बोलायला लागल्या. शाळेची चौकशी, ब्रशांची चौकशी. मी पलंगापासून दूर खुर्चीवर. मला ती म्हातारी आठवली, गेटबाहेर गेलेली.

सून चहा घेऊन आली. भली बाई. कप दिला, उशी सरळ केली, सगळं मायेने केलं, फक्त तोंड दुसरीकडे वळवून केलं. ती गेल्यावर बाई पदराआडून म्हणाल्या, "नवीन, जवळ ये."

मी गेले.

"आणखी जवळ. मी हा करते. वास घे, आणि खरं सांग."

"काहीतरीच काय बाई."

"इतकी वर्षं झाली, एकाही पोराचा घेतला नाहीस. निदान माझा तरी घे." त्यांनी पदर खाली केला. डोळे माझ्यावर होते, आणि त्या डोळ्यांत मी तोवर कधी न पाहिलेली भीती होती. घरी पाठवतील, अशी.

मी वाकले. डोळे मिटले. त्यांनी हा केलं.

"येतो," मी म्हटलं.

"कशाचा?"

"चहा. दुधात कुस्करलेली भाकरी." मी थांबले. "आणि चार-पाच दिवस दात घासले नाहीयेत."

"आठ," बाई म्हणाल्या. "मोरीपर्यंत जाता येत नाही. सुनेला कुठे सांगू, तिला आधीच किती." आणि मग, "नापास ना?"

मी उठले. मोरीतल्या पेल्यात त्यांचा ब्रश होता, कोरडा. तांब्या आणला, तसराळं आणलं, पदर खोचला. हलक्या हाताने, मऊ ब्रशने. हिरड्यांतून थोडं रक्त आलं. मी थांबले नाही. सून दारात येऊन उभी राहिली, बघत राहिली, मग आत येऊन तिने तसराळं धरलं. मग मी बाईंना पाण्याचा घोट दिला. त्यांनी गाल फुगवले आणि भुवयांनी मला खूण केली. पाढा.

"तेरा एके तेरा," मी सुरू केलं. "तेरा दुणे सव्वीस. तेरा त्रिक एकोणचाळीस. तेरा चोक बावन्न. तेरा पंचे पासष्ट. तेरा सक अठ्ठ्याहत्तर. तेरा साती..."

तेरा साती. माझं तोंड कोरडं पडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. गाल फुगवलेल्या बाईंनी गोधडीतून दोन्ही हात वर काढले आणि नऊ बोटं दाखवली. मग सगळी मिटून, एक.